पाच मीटरची स्प्रिंग, आठ महिने आणि एक स्क्रू

गेल्या रविवारी तुंबलेले पाइप साफ करायच्या स्प्रिंगच्या हँडलचा स्क्रू आवळायला घेतला, तर तो फिरतच राहिला. आटे गेले. संताप झाला म्हणून लिहायला बसले.

बाथरूम तुंबलं की आमच्याकडे प्लंबर पाचशे रुपये घ्यायचा आणि दोन महिन्यांत पाणी पुन्हा घोट्यापर्यंत. दोनदा पैसे मोजल्यावर मी ही हँडलवाली स्प्रिंग साडेचारशेला आणली. त्यानंतर प्लंबरला फोन केलेला नाही.

बाथरूमसाठी हिला तोड नाही. जाळी काढायची, नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या वळणदार भागात, टोक सोडायचं. अडलं की ढकलायचं नाही, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचं. वळण पार झालं की हाताला कळतं, तार एकदम हलकी होते. पहिल्याच वेळी टोकाला गुंडाळून वीतभर केसांचा बुळबुळीत, करडा पेड आला. बादलीभर पाणी ओतलं, घळाघळा गेलं. उलटं मात्र फिरवू नका, अडकलेले केस तिथेच सुटतात.

सिंकच्या बाबतीत मी हिला आधी नावं ठेवली होती. तेलकट गाळातून ती नुसतं भोक पाडायची, आठवड्यात परत तेच. आता मत बदललंय. आधी खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपचा, म्हणजे सिंकखालच्या बाटलीसारख्या भागाचा, पेला उघडायचा, चहाचा चोथा, शितं हाताने काढायची, मग भिंतीतल्या पाइपात स्प्रिंग घालायची. शेवटी भांड्यांचा साबण आणि कढत पाणी. उकळतं नको, पीव्हीसीचा प्लास्टिक पाइप नरम पडतो. कॉस्टिक सोडा मी बंदच केला. पाणी कमी पडलं तर तो पाइपात दगडासारखा बसतो.

पण तो स्क्रू! तार धरून ठेवायची, एवढंच त्याचं काम. ओल्या हाताने आवळायला दोन इवलेसे कान, धातू मऊ. दर वीतभर सैल करा, हँडल मागे घ्या, पुन्हा आवळा. जरा ढिला राहिला की हँडल रिकामं फिरतं, तार जागची हलत नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, स्क्रू सुटा मिळत नाही, नवीन स्प्रिंग घ्या." एका स्क्रूपायी पाच मीटर धडधाकट तार फेकायची? मी नाही फेकणार.

हँडलच्या भोकाचे आटे शाबूत होते. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने मापाने सहा एमएमचा स्टीलचा बोल्ट दिला, आठ रुपयांना. तो दहा नंबरच्या पान्ह्याने आवळावा लागतो, पण काल अख्खी मोरी साफ झाली, तार एकदाही सरकली नाही. धुऊन, पुसून, खोबरेलाचा हात फिरवून स्प्रिंग माळ्यावर ठेवलीय. पान्हा तिलाच बांधून.