गेमिंग पीसी की कन्सोल: पहिलं बिल आणि नंतरची बिलं

पहिल्या दिवसाचं बिल पाहिलं तर कन्सोल स्वस्त पडतो, यात वाद नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ५ आला तेव्हा डिस्क ड्राइव्हवाल्या मॉडेलची किंमत होती ४९९ डॉलर. त्याच सुमारास आलेलं आरटीएक्स ३०७० हे नुसतं ग्राफिक्स कार्डच ४९९ डॉलरचं. ते जास्त ताकदीचं होतं हे खरं, पण बाकीचा पीसी अजून घ्यायचाच होता. कन्सोल फारसा नफा न घेता, कधी तोटा सोसूनही विकला जातो. कंपनीची कमाई पुढे गेम आणि सबस्क्रिप्शनमधून होते.

माझं घोडं अडलं ते या सबस्क्रिप्शनपाशी. इंटरनेटचे पैसे आपण भरतो, गेमचे भरतो, आणि तरी मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं तर प्लेस्टेशनवर आणि एक्सबॉक्सवर वेगळे भरायचे. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना ही अट नाही, विकत घेतलेल्या बहुतेक गेमना आहे. तेही मी एक वेळ चालवून घेतलं असतं. पण माझ्याकडच्या कन्सोलवर सबस्क्रिप्शनमधून मिळालेला एक मोठा आरपीजी (एखादं पात्र होऊन लांबलचक कथा खेळायचा गेम) मी निम्म्यापर्यंत आणला होता. मध्ये कामाचा रेटा वाढला आणि मुदत संपली. सवड मिळाल्यावर बसलो, तर गेमच्या चित्रावर बारीकसं कुलूप. गेम ड्राइव्हवर, सेव्ह जागच्या जागी, आणि आत जाता येईना. आधी पैसे भरा, मग पुढचा दरवाजा उघडा. एवढे तास घातलेली गोष्ट आपली नाही, हे मला फार लागलं.

पीसीवर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतलेला गेम ऑनलाइन खेळायला असं भाडं नाही. एपिक हे तसंच दुसरं दुकान २०१८ पासून फुकट गेम देत आलंय. ते एकदा खात्यात घेतले की तिथेच राहतात. सेलमध्ये जुने गेम इतके उतरतात की मी नवा गेम पहिल्या दिवशी घेणं जवळजवळ सोडूनच दिलंय.

पीसीचा त्रासही आहे. पहिल्यांदा गेम उघडला की शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तुमच्या कार्डासाठी तयार (कंपाइल) होत बसतात, कधी ऐन लढाईत चित्र अडखळतं. कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं असल्याने ते काम आधीच करून ठेवता येतं. ज्याला थकून आल्यावर फक्त कंट्रोलर उचलून सोफ्यावर बसायचंय, त्याला मी पीसीचा आग्रह करणार नाही. वर्षाला दोन-तीन गोष्टीप्रधान गेम, तेही डिस्कवर घेऊन संपले की विकणाऱ्यालाही कन्सोलच परवडेल, असं वाटतं. पीसीवर विकत घेतलेला गेम पुढे विकता येत नाही.

अभ्यासाला किंवा कामाला कॉम्प्युटर घ्यायचाच असेल तर हिशोब बदलतो. मग तुलना अख्ख्या पीसीशी नाही, फक्त ग्राफिक्स कार्ड आणि बऱ्या पॉवर सप्लायच्या वाढीव खर्चाशी करायची. मधल्या फळीतलं कार्ड १०८०पी, म्हणजे फुल एचडी स्क्रीनला पुष्कळ झालं. पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर नको. चार-पाच वर्षांनी कमी पडलं तर कार्ड तेवढं बदलता येतं, जुनं विकताही येतं.

एवढं करूनही कन्सोलकडेच ओढा असेल, तर त्याच्या किमतीत पाच वर्षांच्या सबस्क्रिप्शनचे पैसे आधीच जोडा आणि मग कन्सोलचा आणि पीसीचा आकडा शेजारी ठेवा. माझ्या वहीत तो फरक जवळपास मिटला होता.