वर्ड-एक्सेल, गूगल डॉक्स की लिब्रेऑफिस? स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्यांनी काय मागावं

नोकरी ऐरोलीच्या माइंडस्पेसमधली असो की बेलापूरच्या कोकण भवनातली, रुजू होताना एक प्रश्न येतोच: 'तुम्हाला कॉम्प्युटरवर काय काय लागेल?' बरेच जण स्क्रीन रीडरचं, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, नाव सांगून मोकळे होतात. स्क्रीन रीडरचं म्हणाल तर एनव्हीडीए फुकट आहे आणि ऑफिसच्या रोजच्या कामाला तो पुरतो. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर, त्याचं लायसन्स महाग. कंपनीचं स्वतःचं एखादं सॉफ्टवेअर फक्त जॉजसाठी खास लिहिलेल्या स्क्रिप्टवरच चालत असेल तर ते जरूर मागा, नाहीतर तो खर्च वर्ड-एक्सेलवर होऊ द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण एक्सेल. आपल्याकडची निम्मी कामं शेवटी एखाद्या शीटमध्येच येऊन पडतात. समजा घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या मेंटेनन्सची शीट उघडली आहे. उजवा बाण दाबत गेलं की ऐकू येतं: 2400, 2400, 4800. यातले भरलेले किती आणि थकलेले किती, कळायला मार्ग नाही. शीर्षकांच्या ओळीतल्या पहिल्या सेलवर जायचं आणि एनव्हीडीएची की (सहसा इन्सर्ट), शिफ्ट आणि सी एकत्र दाबायचं. आता रकाना बदलला की आधी 'थकबाकी' ऐकू येतं, मग आकडा. एनव्हीडीएची की, शिफ्ट आणि आर दाबलं की हेच ओळींच्या शीर्षकांसाठी होतं, म्हणजे फ्लॅट नंबरही ऐकू येतो. फाइल सेव्ह केली की ही खूण तिच्यातच राहते आणि जॉज वापरणाऱ्या सहकाऱ्यालाही उपयोगी पडते. लिब्रेऑफिसमधल्या कॅल्क या एक्सेलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एनव्हीडीएची ही सोय नाही. माझ्यासाठी निकाल इथेच लागतो.

वर्डमध्येही हात लवकर बसतो. एनव्हीडीए की आणि स्पेस दाबून ब्राउझ मोड सुरू केला की एच दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर, टी दाबत टेबलांवर जाता येतं. ट्रॅक चेंजेसमध्ये साहेबांनी काय खोडलं, काय घातलं तेही ऐकू येतं. मात्र कॉम्प्युटरवर इन्स्टॉल केलेलंच वर्ड मागा. ब्राउझरमधल्या वर्डमध्ये ब्राउझरचे आणि वर्डचे शॉर्टकट एकमेकांच्या आड येतात.

गूगल डॉक्सचा खरा उपयोग चौघं मिळून एकाच कागदावर काम करतात तेव्हा. कंट्रोल, ऑल्ट आणि झेड दाबून स्क्रीन रीडर सपोर्ट आधी चालू करा. तो बंद असताना 'डॉक्स वाचतच नाही' म्हणून सोडून देणारे खूप भेटतात. कमांड आठवत नसेल तर ऑल्ट आणि स्लॅश दाबून मेनूमध्ये शोधता येते. आणखी एक मोठा फायदा: स्कॅन केलेली मराठी पीडीएफ ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडली की मजकूर निघून येतो. स्कॅन स्वच्छ असेल तर बराचसा बरोबर. पण ऑफलाइनची सोय आधीच चालू केलेली नसेल तर नेट गेल्यावर काम थांबतं.

लिब्रेऑफिस फुकट आहे. त्यातल्या रायटरमध्ये, म्हणजे वर्डसारख्या भागात, एनव्हीडीए नीट वाचतो, कंट्रोल आणि 1 दाबलं की पहिल्या पातळीचं शीर्षक होतं. घरचे अर्ज आणि सराव यांसाठी ते खुशाल घ्या. ऑफिसमध्ये मात्र वर्डच्या फाइली त्यात उघडल्या की टेबलांची मांडणी कधीकधी सरकते, आणि ती सरकलेली आपल्याला दिसत नाही.

मराठी टायपिंग असलेल्या जागी फाइली कोणत्या फॉन्टमध्ये येतात हे आधी विचारा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर सुबक मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. स्क्रीन रीडर तीच वाचतो, आणि कानावर निरर्थक बडबड पडते. मग सॉफ्टवेअर कितीही भारी घ्या, उपयोग शून्य. युनिकोडच हवा, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवली जातात. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या वाचून दाखवणाऱ्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आवाज आहे; वर्डसाठी सेटिंग्जचं वेगळं प्रोफाइल करून तो तिथे लावून ठेवता येतो.

शक्य असेल तर उत्तर देण्याआधी ऑफिसकडून त्यांच्या रोजच्या वापरातली एक शीट आणि एक पत्र मागवून घरी उघडून बघा. मर्ज केलेले, म्हणजे एकत्र जोडलेले, सेल किती आहेत, फॉन्ट कोणता आहे, सगळं लगेच कळतं. मग मागणी तोंडी न करता लेखी द्या. नोकरी सरकारी असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 20 त्यात नमूद करा; कामासाठी वाजवी सोयी देणं त्या कलमानुसार सरकारी आस्थापनेवर बंधनकारक आहे.