विंडोजमधलाच फुकट अँटिव्हायरस बरेच महिने वापरून बघितला, नवशिक्यांसाठी अनुभव

मागच्या गणपतीच्या आसपास आमच्या विकतच्या अँटिव्हायरसची मुदत संपली, रिन्यू करायचं की नाही यावर घरात चर्चा झाली आणि शेवटी ठरलं की विंडोजमध्ये जो येतोच, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, तोच वापरून बघू. आता मुलांच्या वार्षिक परीक्षा आल्या, म्हणजे लिहिण्याइतका वापर झालाय. डेस्कटॉप साधा आहे, आयथ्री, ८ जीबी रॅम, जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क, विंडोज ११. मी काही कॉम्प्युटरवाली नाही, मुलांचे प्रोजेक्ट, नेटबँकिंग आणि नवऱ्याच्या दुकानाची बिलं एवढंच काम, त्यामुळे आयटीवाल्यांनी हसू नये.

तर हा वेगळा डाउनलोड करायचा नसतो. स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी टाइप करा, ढालीचं चित्र येईल, आत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो आतच असतो. फक्त एक, दुसरा अँटिव्हायरस टाकला की हा आपणहून बाजूला होतो, कारण एका ओट्याशी दोन सुगरणी चालत नाहीत. म्हणून मुदत संपलेला जुना तसाच पडू देऊ नका, आधी सेटिंगमधून अनइन्स्टॉल, मग रीस्टार्ट, आणि मग रिअल-टाइम प्रोटेक्शन (म्हणजे सतत चालू असलेली राखण) ऑन दिसतंय का ते डोळ्यांनी बघा.

खरंच चालू आहे का याची खात्री करायची असेल तर आयकार नावाची टेस्ट फाइल मिळते, त्यात फक्त ६८ अक्षरं असतात, काहीही नुकसान करत नाही, पण जगातले बहुतेक अँटिव्हायरस ती मुद्दाम व्हायरससारखी पकडतात. आमच्याकडे डाउनलोड होता होताच अडवली. पोरांना हा प्रकार फार आवडला.

स्कॅनचं सांगते. क्विक स्कॅन व्हायरस सहसा जिथे लपतात त्या जागा बघतो, काही मिनिटांत होतो, रोजच्यासाठी तेवढा पुरे. फुल स्कॅन म्हणजे सगळ्या फाइली, आणि जुन्या हार्ड डिस्कवर त्याला कित्येक तास लागू शकतात, रात्री लावून झोपा आणि स्लीप मोड बंद ठेवा. तेव्हा मशीन जड वाटतं, आणि टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅमची यादी) उघडलं की अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल नावाचं काहीतरी प्रोसेसर खाताना दिसतं. माझ्या नणंदेने त्यालाच व्हायरस समजून घाबरून फोन केला होता! तो हाच अँटिव्हायरस आहे, काम करतोय, करू द्या. तिसरा ऑफलाइन स्कॅन, यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं. एखादी चिवट गोष्ट काढली तरी परत येतेय असं वाटलं तर हा लावायचा, आधी उघडी कामं सेव्ह करून.

पेनड्राइव्ह मात्र फुल स्कॅनमध्ये धरला जाईल असं गृहीत धरू नका. राइट क्लिक करून त्याचा स्कॅन वेगळा करायचा. आपल्याकडे घरात व्हायरस येतो तो बऱ्याचदा झेरॉक्सच्या दुकानातून, दिवसभर गावभराचे पेनड्राइव्ह त्या एकाच मशीनला लागतात ना. प्रिंट काढून घरी आलात आणि फोल्डरच्या जागी बाण असलेले शॉर्टकट दिसले तर त्यावर डबल क्लिक अजिबात नको. फाइली बहुतेक वेळा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. आधी स्कॅन करून घाण काढा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखवायचं सेटिंग करा (सिस्टिम फाइली लपवायची टिकसुद्धा काढावी लागते). मी तर आता प्रिंटसाठी एक वेगळाच पेनड्राइव्ह ठेवलाय, त्यात दुसरं काही टाकतच नाही.

काही सापडलं की प्रोटेक्शन हिस्टरीत लाल किंवा पिवळं दिसतं, खाली क्वारंटाइन, रिमूव्ह, अलाऊ असे पर्याय. कळत नसेल तर क्वारंटाइन, म्हणजे फाइल कोंडून ठेवली जाते आणि चुकून चांगली निघाली तर परत आणता येते. सापडलेल्या व्हायरसच्या नावाच्या शेवटी एमएल असेल तर तो मशीन लर्निंगने, म्हणजे आधीच्या नमुन्यांवरून कॉम्प्युटरने, काढलेला अंदाज असतो, तो कधीकधी चुकतो. अशा वेळी ती फाइल व्हायरसटोटलच्या साइटवर टाकून बघा, तिथे एकाच वेळी साठ-सत्तर कंपन्यांची इंजिनं ती तपासतात. एखाद-दुसऱ्याने लाल दाखवलं तर लगेच घाबरू नका, पंचवीस-तीस जणांनी दाखवलं तर मात्र विचार कसला करताय, उडवा. आधार किंवा बँकेचे कागद तिथे कधीच टाकू नका, टाकलेल्या फाइली इतर लोकांच्याही हाती लागू शकतात. आणि ज्या फुकटच्या गेमचं इन्स्टॉलर म्हणतं की "आधी अँटिव्हायरस बंद करा", ती गेम घरात नको म्हणजे नकोच, मुलगा कितीही रुसला तरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर या अँटिव्हायरसचा फारसा उपयोग होत नाही. सासऱ्यांच्या लॉगिनमध्ये उजव्या कोपऱ्यात सारखं यायचं, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस, लगेच क्लिक करा. क्विक केला, फुल केला, ऑफलाइन केला, काही नाही, सगळं हिरवं. कारण तो व्हायरस नव्हताच, कुठल्यातरी पंचांगाच्या साइटवर नोटिफिकेशनला अलाऊ दाबलं गेलं होतं आणि ती साइट क्रोममधून जाहिराती ढकलत होती. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथली अनोळखी नावं काढली आणि त्रास संपला. एक्स्टेन्शन्सची (क्रोमला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) यादी पण त्याच वेळी बघून घ्या, आपण न टाकलेलं काही असेल तर काढा. पूर्ण स्क्रीनभर भोंगा वाजवत "या नंबरवर फोन करा" असं आलं तर तीही फसवणूकच, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. घरातल्या कोणी त्या नंबरवर फोन करून रिमोट (म्हणजे कॉम्प्युटरचा लांबून ताबा) दिला असेल आणि पैसे गेले असतील तर नेट तोडा, बँकेला कळवा आणि लगेच सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा.

मग विकतचा घ्यावाच का? क्विक हील तर आपल्या पुण्याचं, नव्वदच्या दशकापासून आहे, दुकानदार कॉम्प्युटरसोबत त्याची डबी हातात द्यायचे ते आठवत असेल. दुकानात चार-पाच मशीन असतील, गडबड झाली की फोन करायला माणूस हवा असेल तर पैसे द्यायला माझी ना नाही. घरच्या एका पीसीला मला गरज वाटली नाही. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही तपासणीची फुकट टूल्स आहेत, दुसरं मत म्हणून चांगली. विंडोज १० वाल्यांनी मात्र लक्षात घ्या, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, अँटिव्हायरस अपडेट होत राहिला तरी खुद्द विंडोजची भोकं आपोआप बुजत नाहीत, वाढीव अपडेटसाठी वेगळी नोंदणी लागते.

आणि रॅन्समवेअरचं (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) सेटिंग, कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस, सुरुवातीला बंदच असतं. चालू केलं तर अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स-पिक्चर्समध्ये लिहू देत नाही, पण मग बिलिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरसारख्या गोष्टीही अडू शकतात, त्यांना आत जाऊन परवानगी द्यावी लागते. थोडा वैताग आहे, तरी मी चालू ठेवलंय. रिन्यूअलचे वाचलेले पैसे बाहेरच्या डिस्कमध्ये घातले, महिन्या-दोन महिन्यांनी फोटो आणि बिलं तिच्यात कॉपी करते आणि केबल काढून कपाटात ठेवते, कारण जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिच्यातल्या फाइलीही लॉक करू शकतो.