बोटीच्या सुकाणूचं काम मुंबईतल्या दारूखाना भागात करून घेतलं, त्याबद्दल

डिसेंबरात ईशान्येचा वारा धरून मुंबईहून सेशेल्सला निघायचंय. सुमारे १७५० सागरी मैल, मध्ये कुठे दुरुस्ती होणार नाही. म्हणून आमच्या ३४ फुटी शिडाच्या बोटीचं सुकाणू उतरवून दारूखान्यातल्या एका छोट्या फायबरच्या वर्कशॉपमध्ये दिलं.

मिस्त्रींनी आधी काही कापलं नाही. छोट्या हातोडीने पातं इंचाइंचाने ठोकत गेले. वर टणटण, खालच्या एक तृतीयांश भागात बद्द. "ताई, इथे पाणी आहे." खालच्या कडेला ड्रिलने भोक पाडलं तर तपकिरी, गंजाच्या वासाचं पाणी दोन दिवस ठिबकत राहिलं. गेल्या वर्षी दुसरीकडे याच जागेवर नुसती पुट्टी आणि रंग मारून पैसे घेतले होते, त्याचा अजून राग येतो.

पात्याची एक बाजू उघडून आतला ओला फोम काढला. पातं ज्यावर बसतं तो दांडा ३१६ या सहसा न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा, पण हवा न लागता ओला राहिला की अशा स्टीललाही खड्डे पडतात. तडे शोधायला दांड्याला लाल डाय लावून पुसला, वर तडीतला रंग बाहेर खेचणारा पांढरा डेव्हलपर मारला, तेव्हा वेल्डिंगजवळ केसाएवढी लाल रेघ उमटली. तिथेच दांडा समुद्रात तुटला असता. ते वेल्ड घासून पुन्हा केलं, मग पात्यावर इपॉक्सी रेझिन आणि फायबरच्या कापडाचे थर. दांडा ज्यात फिरतो ते बुशही नवीन, आता टिलर (सुकाणू फिरवायचा दांडका) हलवला की खडखड नाही.

सहा दिवस सांगून अकरा लावले, फोन उचलत नाहीत. तरी मी पुन्हा इथेच जाईन. प्रत्येक टप्प्याला बोलावून दाखवलं.