सागवानी जिना आणि माडीला बेलतेल : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गुहागरकडच्या आमच्या जुन्या घराचा जिना आणि माडीवरची फळ्यांची जमीन, सगळं सागवान, मागच्या दिवाळीनंतर पॉलिशच्या नादी न लागता बेलतेलावर, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलावर ठेवलं. आता त्यावरून अख्खा पावसाळा गेलाय म्हणून लिहितोय, काम झाल्या झाल्या काढलेल्या फोटोंत काय, सगळंच झकास दिसतं.

आधी जिन्यावर पीयू (पॉलियुरेथेन, लाकडावर थर धरणारं पॉलिश) होतं. पायरीच्या कडेला जिथे रोज पाय पडतो तिथे पापुद्रा निघायला लागला, आणि पीयूचं असं की तेवढाच तुकडा नीट करता येत नाही, जोड दिसतोच, मग अख्खी पायरी घासा. तेलाचं उलट आहे, ते लाकडात मुरतं आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन आतच घट्ट होतं, वर सोलायला काही राहतच नाही. मी डबल बॉइल्ड बेलतेल घेतलं. साधं कच्चं जवसाचं तेल कोकणच्या हवेत सुकेपर्यंत जीव जाईल, यात ड्रायर (तेल लवकर सुकवणारी द्रव्यं) घातलेले असतात म्हणून दिवस-दोन दिवसांत पुढचा हात देता येतो.

घासकाम 120 नंबरचा पेपर, शेवटी 150, बास. सुतार हौसेने 320 काढत होता, त्याला थांबवलं, जमीन आरशासारखी केली तर तेल आत शिरणार कुठून? सागात मुळातच तेल असतं म्हणून आधी थिनरने पुसून लगेच पहिला हात, तेल आणि टर्पेंटाइन निम्मं निम्मं. पुढच्या दोन हातांना टर्पेंटाइन कमी. जिना बंद ठेवता येत नव्हता म्हणून एक सोडून एक पायरी केली, आईबाबा मधल्या पायऱ्यांवरून ढांगा टाकत वर जायचे.

खरी मेख पुसण्यात आहे. पंधरा-वीस मिनिटांनी वर जे राहिलंय ते सुक्या सुती कपड्याने पार पुसून काढायचं, हाताला तेल लागता कामा नये. पेंटर म्हणतो "राहू दे दादा, पिऊन घेईल". नाही पीत! चिकट साय धरते, तिच्यावर धूळ बसते, माडीच्या एका कोपऱ्यात त्याने तसंच सोडलं होतं ते नंतर टर्पेंटाइनने खरवडावं लागलं. आणि त्या तेलकट चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका प्लीज, तेल सुकताना गरम होतं आणि ढिगाला आपोआप आग लागू शकते. दोरीवर एकेक पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवा.

वास महिनाभर होता, बायकोला अजिबात आवडला नाही.

आता निकाल. जिना एक नंबर. रंग थोडा गडद झालाय, चकाकी नाही, पण ओल्या पायाने पीयूवर सटकायचं तसं होत नाही, बाबांचं वय बघता मला हेच महत्त्वाचं. मे महिन्यात खालच्या पायऱ्यांच्या कडा फिक्या दिसायला लागल्या, पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच आत शोषला जात होता, मग तेवढ्याच कडांना हलका घासून एक हात दिला. अर्ध्या तासाचं काम, जोड कुठे ते मलाही सापडत नाही.

माडी बरी आहे, पण उत्तरेच्या बंद खोलीत ऑगस्टमध्ये फळ्यांवर काळे ठिपके आले. जवसाचं तेल म्हणजे बुरशीला खाऊच, दमट आणि वारा नसलेल्या खोलीत हा धोका धरूनच चला. व्हिनेगरच्या पाण्याने पुसून पंखा लावून ठेवला, बरेचसे गेले. गरम चहाच्या कपाचा गोलही उमटतो. पुसायला रोज फिनाईल नको, घट्ट पिळलेलं फडकं पुरे.

गॅलरीत मात्र फुकट गेलं. ऊन आणि तिरका पाऊस, दोन्ही थेट, सप्टेंबरपर्यंत फळ्या करड्या पडल्या. तिथे आता बाहेरच्या लाकडासाठीचं, बुरशीनाशक आणि रंग घातलेलं तेल बघतोय, कोणी किनाऱ्याजवळ वापरलं असेल तर सांगा, पावसानंतरचा फोटो असेल तर अजून बरं.