‘दोघांनी मिळूनच यायचं’ : अंदमानच्या नावावर आम्हाला काय विकलं गेलं

तुम्हाला बक्षीस लागलं आहे, ते घ्यायला नवरा-बायको दोघांनी मिळूनच यायचं आणि येताना आधार कार्ड व क्रेडिट कार्ड सोबत ठेवायचं, असा फोन आला तर कृपा करून जाऊ नका. आम्ही गेलो, आणि लग्नाच्या वाढदिवसाला अंदमानला जायचं म्हणून साठवलेले पैसे एका संध्याकाळी हॉलिडे क्लबच्या सदस्यत्वात (आधी पैसे भरून दरवर्षी काही रात्री हॉटेलात राहण्याच्या योजनेत) गेले. एकूण 1,20,000 रुपये. अंदमान अजून झालेलं नाही. लग्नसराई संपली की असे फोन वाढतात, आणि नवी जोडपी त्यात सहज सापडतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात पुण्यातल्या एका मॉलमधल्या कूपनपासून झाली. चकचकीत गाडी उभी केलेली, शेजारी काचेची पेटी, ‘लकी ड्रॉ’साठी कूपन भरा म्हणून मागे लागणारी मुलं. त्या कूपनवरचे रकाने आठवले की आता राग येतो. लग्नाची तारीख, दोघांची नोकरी, महिन्याचं उत्पन्न, क्रेडिट कार्ड आहे का, मुलं किती. गाडीच्या सोडतीला लग्नाची तारीख कशाला हवी? पण वाढदिवसाच्या आधीच फोन आला आणि पलीकडच्या मुलीने आधी शुभेच्छाच दिल्या. ‘मॅडम, तुमची कपल गिफ्टसाठी निवड झाली आहे, गोव्याला 2 रात्री 3 दिवस मोफत. फक्त एक छोटंसं प्रेझेंटेशन बघायचं.’

प्रेझेंटेशन एका हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. छोटी छोटी गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि त्यांच्यासाठी एक विक्रेता. गाणी इतक्या मोठ्याने लावलेली की नवऱ्याशी हळू आवाजात दोन शब्द बोलणं शक्य नव्हतं. मधूनच माइकवर घोषणा व्हायची, ‘अमुक फॅमिली, अभिनंदन, वेलकम टू द क्लब’, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आमच्या टेबलावरचा मुलगा गोड बोलणारा होता. लग्न कसं ठरलं, हनिमूनला कुठे गेला होता, सगळं विचारलं. मग माझ्यासमोर नवऱ्याला म्हणाला, ‘सर, मॅडमना शेवटचं कधी नेलंत कुठे?’ या प्रश्नाला बायको शेजारी बसलेली असताना कुठला नवरा काय उत्तर देणार? पुढे पैशांची गोष्ट निघाली तेव्हा हेच त्याने माझ्याकडे वळवलं. ‘मॅडम, सर तुमच्यासाठी तयार आहेत, तुम्हीच अडवताय.’ जोडप्यानेच यायचं ही अट का घालतात ते इथे कळतं. एकटा माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून उठू शकतो. दोघांना शेजारी बसवलं की ते कारण उरत नाही, आणि एकमेकांसमोर नाही म्हणणं जड जातं.

त्याच्याकडे कोऱ्या कागदांचं पॅड होतं. हॉटेलची खोली एका रात्रीला 8,000, वर्षाला 5 रात्री म्हणजे 40,000, 10 वर्षांचे 4 लाख. शेजारी लिहिलं, ‘अंदमान, 5 रात्री 6 दिवस, हॅवलॉक, बोट, ब्रेकफास्ट, डिनर’ आणि प्रत्येक शब्दापुढे हिरव्या पेनाने बरोबरची खूण केली. हॅवलॉक म्हणजे अंदमानातलं ते प्रसिद्ध बेट, जिथे बोटीने जावं लागतं. ‘विमान फक्त तुमचं, बाकी सगळं आमचं’ हे त्याचे शब्द. कागद आमच्याकडे तोंड करून ठेवलेला, तो उलट्या बाजूने लिहीत होता, इतका सराव. सह्या झाल्यावर त्याने तो कागद पॅडवरून फाडला, चार घड्या घातल्या आणि स्वतःच्या खिशात टाकला. ते सगळं तोंडी आश्वासन त्या घड्यांमध्ये गेलं. आमच्या हातात आला तो छापील करार, आणि त्यात हॅवलॉक हा शब्द कुठेही नव्हता.

पडद्यावर अंदमान म्हणून जे फोटो दाखवले त्यांत निळ्या पाण्यात खांबांवर उभी घरं होती. तशी घरं मालदीवला असतात. हॅवलॉकचा प्रसिद्ध राधानगर किनारा म्हणजे पांढरी वाळू आणि तिच्या मागे उंच झाडांचं दाट जंगल, असल्या घरांचा तिथे पत्ता नाही. हे मी नंतर शोधलं. त्या क्षणी हॉलमधल्या कुणालाच ते पटकन ताडून बघता आलं नसतं, आणि बेटांचंच आमिष दाखवण्यामागे हेच असावं असं माझं मत झालं आहे. महाबळेश्वरची खोली दाखवली तर आपण लगेच विचारू, कुठल्या रस्त्याला, बाजारापासून किती लांब. बेटाबद्दल आपल्याला फोटोपलीकडे फारसं माहीत नसतं. आणि बेटावर खोली मिळणं हा सगळ्यात सोपा भाग असतो.

खरा खर्च समुद्र ओलांडण्याचा असतो. पोर्ट ब्लेअरला (2024 पासून त्याचं नाव श्री विजय पुरम) विमान उतरतं. सेल्युलर जेल तिथेच आहे. पण जोडपी ज्यासाठी जातात ते राधानगर किंवा एलिफंट बीच हॅवलॉक बेटावर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपवर, आणि पुढे नील म्हणजे शहीद द्वीप. खासगी कॅटामरान बोटीने हॅवलॉकला साधारण दीड-दोन तास लागतात. सरकारी बोट स्वस्त असते, पण सीझनमध्ये पर्यटकांना तिचं तिकीट मिळणं अवघड. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, तिथून नील, नीलहून परत, असे तीन टप्पे, प्रत्येक टप्प्याचं माणशी वेगळं तिकीट, प्रत्येक बेटावर जेट्टीपासून हॉटेलपर्यंत गाडी वेगळी. हे सगळं वगळून कुणी ‘अंदमान पॅकेज’ म्हणत असेल तर तो पोर्ट ब्लेअरमधली एक खोली विकतो आहे. आम्हाला नेमकी तीच विकली गेली होती.

किंमत आधी 2,80,000 सांगितली. आम्ही नको म्हटल्यावर ‘मॅनेजर’ आला आणि 1,90,000 वर आला. तरी उठलो, तेव्हा तिसरा माणूस आला, सूट घातलेला. ‘आज एक कॅन्सलेशन आलंय, ते तुम्हाला 1,20,000 ला देतो, पण आत्ताच. उद्या ही किंमत नाही.’ घरी जाऊन करार वाचून येतो म्हटलं तर, ‘करार बाहेर देत नाही, कंपनी पॉलिसी.’ कार्ड स्वाइप झालं, 30,000 तिथल्या तिथे आणि उरलेले 90,000 ईएमआयवर. सह्यांच्या जागी आधीच पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या. पानं तोच उलटत होता आणि बोट फुलीवर ठेवून गप्पा मारत होता.

मग एक गोष्ट झाली, तिच्याकडे विशेष लक्ष द्या. शेजारच्या खोलीत एका मुलीने मोबाइल समोर धरून ‘व्हेरिफिकेशन’ घेतलं. करार वाचला का? कुठलंही तोंडी आश्वासन दिलेलं नाही ना? पैसे परत मिळत नाहीत हे माहीत आहे ना? ‘फक्त हो म्हणा सर, फॉर्मॅलिटी आहे.’ आम्ही तक्रार केल्यावर कंपनीने सगळ्यात आधी हीच रेकॉर्डिंग दाखवली. ती ग्राहकाच्या सोयीसाठी घेतच नाहीत. ज्या कुणासमोर असा कॅमेरा येईल त्यांनी तेव्हाच, रेकॉर्डिंग चालू असतानाच, ‘हॅवलॉक, बोट आणि जेवण देणार असं सांगितलं आहे’ असं स्पष्ट म्हणावं. काय होतं ते लगेच कळेल.

डिसेंबरसाठी बुकिंग मागितलं. 15 डिसेंबर ते 10 जानेवारी ‘ब्लॅकआउट’, म्हणजे सदस्यांना बुकिंग बंद. दिवाळीची सुट्टी, मे महिना, लागून येणारे शनिवार-रविवार, सगळं त्यातच. करारात होतं हे, बारीक अक्षरात. फेब्रुवारी मागितला तर ‘सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी’, आणि अव्हेलेबिलिटी कधीच नाही. जून-जुलै मात्र हवं तेव्हा. अंदमानात त्या दिवसांत नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो, समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि माणसं पोर्ट ब्लेअरला अडकून बसतात. तरीही विचारलं, हॅवलॉकला किती रात्री? उत्तर आलं, हॅवलॉक आपल्या यादीत नाही, आणि बोट, जेवण, गाडी ‘ॲट ॲक्चुअल्स’, म्हणजे जो खर्च येईल तो आपणच भरायचा. शिवाय माणशी दर दिवसाचा ‘युटिलिटी चार्ज’. तो धरला तर हॉटेलच्या वेबसाइटवरून तीच खोली आम्हाला जवळपास त्याच भावात पडत होती.

आम्ही फार भांडलो तेव्हा त्यांनी मालदीव पुढे केलं. अपग्रेडचे पैसे वेगळे आणि वर दोघांचे मिळून व्हिसा व प्रोसेसिंगचे 9,000. मालदीवला उतरल्यावर भारतीयांना पर्यटक व्हिसा फुकट मिळतो, आणि प्रवासाआधी ‘इमुगा’ या त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचा फॉर्मही फुकटच आहे. मी हे लिहून पाठवलं. त्यावर उत्तर आलं नाही. मालदीवचं कुणी विकत असेल तर आणखी दोन गोष्टी विचाराच. माले विमानतळापासून रिसॉर्टपर्यंतची स्पीडबोट किंवा सीप्लेन धरलं आहे का? सीप्लेनचं भाडं माणशी शेकडो डॉलर असतं आणि ती फक्त दिवसाउजेडी उडतात, त्यामुळे विमान उशिरा उतरलं तर ती रात्र मालेजवळ स्वतःच्या खर्चाने काढावी लागते. दुसरं म्हणजे तिथला ग्रीन टॅक्स. जानेवारी 2025 पासून रिसॉर्टमध्ये तो माणशी रात्रीला 12 डॉलर आहे.

आणि ते गोव्याचं मोफत बक्षीस? ते ‘ॲक्टिव्हेट’ करायला माणशी शुल्क होतं.

पुढच्या वर्षी वार्षिक देखभालीचं बिल आलं, एएमसी. एकही रात्र न राहता. ते भरलं नाही तर सदस्यत्व गोठवणार, हेही करारात. पैसे परत मागितले तर उत्तर एकच, नॉन-रिफंडेबल. युरोपीय संघात अशा करारातून (त्याला टाइमशेअर म्हणतात) 14 दिवसांत कारण न देता बाहेर पडता येतं. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदाच नाही, आणि मला वाटतं हा सगळा धंदा त्या फटीत उभा आहे.

तरीही हात बांधलेले नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये बक्षीस देण्याचा हेतू नसताना ते जाहीर करणं, किंवा ज्याची किंमत आतून वसूल केली आहे ते फुकट म्हणून दाखवणं, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आम्ही आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीने रक्कम ‘ॲडजस्ट’ करून देऊ म्हटलं, म्हणजे आणखी पैसे भरून मोठं सदस्यत्व. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. कंपनीचं ऑफिस दिल्लीत असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. मुदत 2 वर्षांची. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे लेखी डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहाराला हरकत, मात्र लगेच टाका, त्याची मुदत फार कमी असते. पिन तुम्हीच टाकलात असं सांगून कस्टमर केअर परत पाठवेल. त्यांना सांगा की व्यवहार अनधिकृत असल्याची तक्रार नाही, सेवा मिळाली नसल्याची आहे. हा फरक आम्हाला बँकेतल्या एका ताईंनी सांगितला आणि तिथून अर्ज पुढे सरकला.

कंपनीला पाठवलेली नोटीस मात्र परत आली. पाकिटावर शेरा, ‘ऑफिस सोडले’.

त्यानंतर फोन सुरू झाले. बोलणाऱ्याला आमचा सदस्य क्रमांक, सहीची तारीख, रक्कम सगळं माहीत. ‘तुमची जुनी कंपनी आम्ही घेतली आहे, व्याजासह 1,45,000 परत मिळतील. त्याआधी 18 टक्के जीएसटी, 26,100 रुपये, या यूपीआयवर भरा.’ नवऱ्याने सांगितलं, जीएसटी परताव्यातून कापून घ्या. फोन बंद झाला. आमच्यासारखंच फसलेल्या एका जोडप्याने मात्र ते पैसे भरले, आणि पाठोपाठ ‘फाइल चार्ज’ म्हणून आणखीही. एकदा लुबाडलेल्यांची यादी पुढे विकली जाते, याशिवाय याचा दुसरा अर्थ मला लागत नाही. असे पैसे गेले असतील तर पहिल्या तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

त्या जोडप्याशी ओळख झाल्यावर आणखी काही घरं सापडली. सगळ्यांच्या करारावर तोच मजकूर, तीच पेन्सिलची फुली. एकाच तक्रारीचे अनेक ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, तसा अर्ज आता तयार होतो आहे. त्यांच्यापैकी एका बाईंनी त्या संध्याकाळी टेबलावरच्या पॅडचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. हिरव्या खुणांसकट, हॅवलॉक, बोट, ब्रेकफास्ट, डिनर, सगळं वाचता येतं. वकील म्हणाले, अर्जाला पहिला कागद हाच जोडू.