मासेमारी बंदीच्या दिवसात कारवारची ताजी इसवण (सुरमई)... आणि माझे २१,२०० रुपये

लिहू की नको असं आठ दिवस चाललं होतं. मी फसले ते घरात सगळ्यांना कळलंय आता, त्यामुळे लाज वाटायची ती वाटून झाली, पण परवा म्हापशाच्या बाजारात एक ओळखीच्या बाई भेटल्या आणि त्या पण बारशाच्या जेवणासाठी "व्हॉट्सअ‍ॅपवर एकजण स्वस्त मासे देतो" असं सांगायला लागल्या तेव्हा म्हटलं बस झालं, लिहून टाकते.

आमच्या थोरल्या काकांची पंचाहत्तरी होती, जूनच्या शेवटच्या रविवारी, गोव्यात पेडण्याच्या मूळ घरात. मुलं म्हणत होती हॉल घेऊया, केटरर सांगूया, तर काका म्हणाले मला पनीर नि गोबी मंचुरियन नको, आयेच्या वेळी व्हायचं तसं उकड्या तांदळाचं शीत आणि सुंगटांचं हुमण (कोळंबीचा रस्सा) करा, इसवणीच्या फोडी भाजा, सोलकढी करा, बाकी काय नको. श्रावण लागायच्या आधी एकदा सगळी मिळून जेवूया म्हणाले. माणसं मोजली तर लहान मुलं धरून ५५. आणि काकी आता वयामुळे चुलीजवळ बसू शकत नाही त्यामुळे सगळं माझ्यावर आलं, खरं सांगायचं तर मीच अंगावर घेतलं, कारण "आयेसारखं हुमण फक्त हिला जमतं" असं काका सगळ्यांच्या देखत बोलले आणि माझी छाती फुगली. तिथेच पहिली चूक.

हिशोब असा होता. उकडे तांदूळ ७ किलो, नारळ २२ (हुमण आणि सोलकढी मिळून, सोलकढीलाच निम्मे जातात), ब्याडगी मिरच्या, धणे, हळद, चिंच, सोलां (आमसुलं) अर्धा किलो. हे सगळं घरचं नाहीतर ओळखीच्या दुकानातलं. प्रश्न फक्त मासळीचा. इसवण ८ किलो म्हणजे डोकं-शेपूट जाऊन माणशी एक बरी फोड येते, आणि सुंगटं ६ किलो, सोलली की निम्मी होतात ती. आता १ जून ते ३१ जुलै म्हणजे ६१ दिवस मासेमारी बंदी, ट्रॉलर सगळे जेटीला. बाजारात जे येतं ते बाहेरच्या राज्यातलं बर्फातलं किंवा मग नदीतलं थोडंफार, आणि भाव ऐकून माणूस परत फिरतो. आमच्या दारावर मासे विकायला येणारी नुस्तेकान्न आहे, वीस वर्षांची ओळख, तिला विचारलं तर ती म्हणाली, "बाय, बंदयेंत इतली इसवण तुका कोण दितलो? सुकें घे." मला वाटलं ही भाव वाढवायला असं बोलते. तिचं तेव्हाच ऐकायचं होतं.

मग फेसबुकवर स्क्रोल करताना एक जाहिरात दिसली. ताजे मासे घरपोच, फॉर्मेलिन नाही याची गॅरंटी, मोठ्या ऑर्डरला खास भाव. फॉर्मेलिन म्हणजे मासळी टिकवायला मारतात ते रसायन, तो शब्द बघूनच मी थांबले. २०१८ च्या जुलैत मडगावच्या होलसेल मार्केटात ते फॉर्मेलिनचं प्रकरण झालं होतं ना, तेव्हापासून आमच्या घरात बाहेरची मासळी म्हटलं की सगळे नाक मुरडतात. आणि हा माणूस नेमकं तेच लिहून बसलेला. खाली व्हॉट्सअ‍ॅपचं बटन. मेसेज टाकला तर दोन मिनिटात फोन. मराठी बोलत होता, मधे मधे कोंकणी शब्द, अगदी "मावशी" म्हणून. कशासाठी हवं, किती माणसं, फोडी किती जाड पाहिजेत, सुंगटं सोलून देऊ का, सगळं विचारलं. एवढी चौकशी तर आपला बाजारातला माणूस पण करत नाही. मी खुश.

भाव सांगितला इसवण ८०० आणि सुंगटं ४५०. एकूण ९,१००. बंदीच्या दिवसात हा भाव म्हणजे जवळपास फुकट. मी विचारलं एवढं स्वस्त कसं, तर म्हणाला मावशी आमचा माल डायरेक्ट कारवारच्या बोटीचा, रात्री पकडलेला सकाळी तुमच्या दारात.

आता इथे थांबा जरा. कारवार म्हणजे कर्नाटक. कर्नाटकच्या किनाऱ्यावर पण तीच बंदी, त्याच तारखांना. आमच्या समुद्रात ट्रॉलर बंद तर तिकडे रात्री कुठली बोट जाणार? विशाखापट्टणम् बिशाखापट्टणम् म्हणाला असता तर एक वेळ ठीक, तिकडची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते, म्हणून तर जूनच्या शेवटी तिकडची मासळी इथे येते. हे सगळं मला माहीत आहे हो. जन्म गेला मासे खाण्यात. पण त्या वेळी डोक्यात फक्त काकांचं ताट होतं आणि ८०० चा आकडा.

शुक्रवारी निम्मे ॲडव्हान्स पाठवले, ४,५५०. लगेच फोटो आला, बर्फावर ठेवलेल्या चकचकीत इसवणी, बाजूला सुंगटांचा ढीग. मी तो फोटो फॅमिली ग्रुपवर पण टाकला, काय सांगू, ३२ जणांनी अंगठे दाखवले. (नंतर भाच्याने तो फोटो मोठा करून बघितला तर मागच्या पाटीवर मल्याळी अक्षरं. ३२ जणांत एकालाही दिसली नाहीत.) शनिवारी संध्याकाळी परत फोन, मावशी उद्या रविवार, गाडी पहाटे निघते, ड्रायव्हर रोख घेत नाही, बाकीचे आत्ता टाका आणि थर्माकोलच्या पेटीचं डिपॉझिट १,५००, पेटी परत दिली की लगेच वापस. मी तेव्हा पेडण्याला पोचले होते, तीन बायका आदोळीवर (विळीवर) नारळ खवत बसलेल्या, गप्पा रंगात आलेल्या, मी उठून बाजूला गेले आणि ६,०५० पाठवून दिले. म्हणजे एकूण १०,६००. कुणाला विचारलं नाही.

रविवारी पाचला चूल पेटवली. वाटण रगड्यावर लावलं, दोन टोप भरून. सहाला मासळी यायची. साडेसहाला फोन की गाडी पोळेच्या, म्हणजे कर्नाटकच्या सीमेवरच्या चेकनाक्यावर अडकली, फॉर्मेलिनची तपासणी चालू आहे. मला ते पटलं पण, बघा म्हणजे. पावणेआठला परत, की गाडी मागे पाठवली, मावशी मी हात जोडतो, तुमचे सगळे पैसे आत्ताच्या आत्ता रिफंड करतो, तुम्ही दुसरीकडून माल घ्या, तुमचं कार्य थांबता नये. आणि क्यूआर कोड पाठवला. म्हणाला हा गॅलरीत सेव्ह करा, ॲपमध्ये उघडा, १०,६०० दिसतील, पिन टाका की जमा होतील.

माझे दोन्ही हात वाटणाने लाल. चष्मा ओट्यावर. मोबाईल पदराला पुसून पुसून बघतेय. बाहेर अंगणात गाड्या यायला लागलेल्या, काका स्वतः विचारून गेले "मासळी खंय पावली गो?" आणि कानात हा माणूस घाई करतोय, की सेटलमेंट विंडो आठला बंद होते, मग सोमवारशिवाय नाही. स्क्रीनवर पे असं लिहिलेलं मला दिसलं होतं. मी त्याला विचारलंसुद्धा. म्हणाला तो नुसता फॉर्मॅट असतो मावशी, सगळ्यांना तसंच दिसतं.

पिन टाकला. १०,६०० गेले. आले नाहीत, गेले.

पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन फक्त पैसे द्यायला. हे मला माहीत नव्हतं असं नाही, बँकेचे मेसेज येतात तसे, पण ते वाचताना आपण निवांत बसलेलो असतो ना, चहा पीत. त्याचा पुढचा फोन आला की मावशी चुकून उलटं झालं, परत एकदा करा दोन्ही एकत्र येतील, २१,२०० चा कोड पाठवतो. तेवढ्यात माझा भाचा मीठ मागायला आत आला, माझं तोंड बघितलं, फोन हातातून काढून घेतला आणि कट केला. तो नसता आला तर मी परत पिन टाकला असता, हे मी शपथेवर सांगते.

पण खरी मोठी चूक त्याच्यानंतरची आणि त्यासाठीच हे एवढं लिहिते. भाचा म्हणाला मावशी आत्ताच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर, जितक्या लवकर कळवू तितके पैसे पुढे जायच्या आधी अडवता येतात. मी म्हटलं गप्प बस, आज कुणाला काय सांगू नको, काकांचा दिवस आहे. त्याने दोनदा सांगितलं. मी त्याला देवाची शपथ घातली. म्हणजे चोराला मी स्वतः मोकळीक दिली, ५५ माणसांसमोर मूर्ख ठरू नये म्हणून. १९३० ला फोन केला तो सोमवारी रात्री, म्हणजे दीड दिवस गेला. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकली, व्यवहाराचे नंबर, तारीख-वेळ, चॅटचे स्क्रीनशॉट, सगळं भाच्याने भरलं. बँकेत गेले तर तिथल्या मुलीने समजावून सांगितलं की पिन तुम्ही स्वतः टाकलाय, कुणी तुमच्या नकळत काढलेले नाहीत, त्यामुळे बँकेकडून भरपाई मिळणं कठीण. आत्तापर्यंत तक्रारीवर एवढंच दिसतंय की ३,२०० रुपये एका खात्यात अडवून ठेवलेत. बाकीचे त्याच सकाळी पुढे गेलेले.

जेवणाचं काय झालं ते विचाराल म्हणून सांगते. दोन टोप वाटण तयार आणि मासळीचा पत्ता नाही. काकीला खोटं सांगितलं की गाडी बिघडली. ती काही बोलली नाही, उठली, माळ्यावरून पुरुमेंताचा (पावसाळ्याच्या बेगमीचा) डबा काढायला लावला, मे महिन्यात भरलेली सुकी सुंगटं, चांगली दोन किलो. ती भाजून, पाण्यातून काढून त्याच वाटणात टाकली, सोबत शेगडाच्या (शेवग्याच्या) शेंगा आणि सोलां. निम्म्या सुंगटांची खोबरं-कांदा घालून किसमूर. शेजारचा एकजण शापोरा नदीत पागेर (फेकायचं जाळं) घालतो, त्याला उठवलं, त्याने अडीच किलो शेवटे (नदीतले मासे) आणून दिले, ते रवा लावून काकांना आणि पोरांना. हुमण चांगलं झालं होतं, सगळे तसं म्हणाले. मला त्या दिवशी चवच कळली नाही. काका जेवून हात धुताना हळूच म्हणाले "इसवण किती पैशांची होती गो?" म्हणजे त्यांना कळलं होतं. कसं कळलं ते मी अजून विचारलेलं नाही.

नुस्तेकान्नीला मंगळवारी सांगितलं. हसली नाही बिचारी. म्हणाली बाजारात ये, कल्ले उघडून बघ, डोळा बघ, दाबून बघ, मग पैसे काढ, मोबाईलात कल्ले कसे उघडतेस तू? आणि मग शंभराचे वेर्ले (बारीक मासे) माझ्या ताटात ओतून गेली.

त्या नंबराने मला ब्लॉक केलंय. काल भाच्याच्या फोनवरून बघितलं तर नंबर चालू आहे. डीपी बदललाय, नाव पण बदललंय, आता मासे नाहीत. चवथीच्या नेवऱ्या, मोदक आणि पातोळ्यांची ऑर्डर घेतोय, ५० टक्के ॲडव्हान्स.